ऊन वजा केल्यावर उरलेली उष्णता : जळगावातील एका जुन्या स्पोर्ट्स कारचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव शहरातील आहे. गाडी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, जपानी बनावटीची, दोन आसनांची आणि कापडी टपाची स्पोर्ट्स कार आहे. ओळख पटू नये म्हणून गाडीचे व मालकाचे नाव आणि गॅरेजचे ठिकाण दिलेले नाही. मालकांना येथे आप्पा आणि निदानात सोबत असलेल्या निवृत्त फिटरना नाना म्हटले आहे. आप्पा केळीच्या व्यापारात आहेत आणि त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. नानांची सारी नोकरी भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये झाली. आता ते जुन्या गाड्यांची कामे हौसेने करतात. मी पदविकेच्या विद्यार्थ्यांना वाहन अभियांत्रिकी शिकवतो आणि या प्रकरणात माझ्याकडे मुख्यतः मोजमापाचे काम होते.

गाडीची रचना लक्षात घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असल्यामुळे गिअरबॉक्स व प्रोपेलर शाफ्ट (चाकांना ताकद पोहोचवणारा दांडा) दोन आसनांच्या मधल्या बोगद्यातून मागे जातात, आणि त्याच बोगद्याच्या कडेने सायलेन्सरचा पाइप व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा, खूप तापणारा डबा) जातो. चालकाची डावी पोटरी आणि कन्व्हर्टर यांच्यात एक पत्रा, एक गालिचा आणि वीतभर अंतर एवढेच असते. अशा गाडीत बसणाऱ्याने थोडी ऊब गृहीत धरायची असते. प्रश्न असतो तो किती ऊब गृहीत धरायची याचा.

तक्रार आणि पहिले दोन महिने

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांनी एसी लावला आणि तो थंड करत नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. डॅशबोर्डवरच्या जाळीतून येणारी हवा कोमट होती, पायाशी धग जाणवत होती आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर गिअरचा दांडा हाताला चटका देत होता. तक्रार मात्र त्यांनी एकाच वाक्यात सांगितली : एसी चालत नाही. त्यामुळे गाडी एसीवाल्याकडे गेली. तिचा एसी मुळात आर-१२ या जुन्या गॅसवर चालणारा आणि पुढे कधीतरी आर-१३४ए या गॅसवर आणलेला होता, तेव्हा गळती असणारच, असे धरून गॅस भरला गेला. दहा दिवसांनी पुन्हा भरला आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा भरला. गरजेपेक्षा जास्त गॅस भरला की कंडेन्सरमधला दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो. तिसऱ्या वेळेनंतर नेमके तेच झाले.

एव्हाना दुपारचा पारा त्रेचाळीसवर गेला होता, आणि आमच्या भागात एकदा तो आकडा दिसला की कोणत्याही गरम वस्तूचा खुलासा आपोआप तयार असतो. गॅरेजमध्ये, घरी आणि मित्रांमध्ये आप्पांना एकच उत्तर मिळाले : ऊनच तसे आहे, आणि गाडी थंड देशातली आहे. हे उत्तर पूर्ण खोटे नव्हते. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडते. काळे कापडी टप आणि तिरपी मोठी काच असलेल्या छोट्या केबिनला ते पुरेसे जड जाते. निदान मात्र या उत्तरामुळेच सहा आठवडे लांबले, कारण जे सगळ्यांच्याच गाडीत घडते ते कोणी मोजत नाही.

समोर असलेले पर्याय

माझ्याकडे विषय आला तेव्हा आप्पांपुढे चार मार्ग होते. पहिला नवा कॉम्प्रेसर बसवण्याचा. एसीवाल्याचा कल त्याकडे होता. दुसरा, संपूर्ण तळाला गालिच्याखाली उष्णतारोधक चटई लावण्याचा. त्यासाठी चौदा हजार रुपयांचा अंदाज मिळाला होता आणि आगाऊ रक्कम देण्याचेच बाकी होते. तिसरा मार्ग काचांना फिल्म लावण्याचा होता. तो मी लगेच बाजूला ठेवायला सांगितला, कारण नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणल्यापासून रस्त्यावर अडवले जाण्याचे कारण आपणच पुरवण्यात अर्थ नव्हता. चौथा मार्ग पावसाळ्यापर्यंत गाडी झाकून ठेवण्याचा होता. तो आप्पांना मान्य नव्हता, कारण आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली होती, लेक माहेरी येणार होती आणि तिला या गाडीतून फिरवून आणण्याचा शब्द त्यांनी दिला होता.

चटईचा पर्याय सर्वांत समजूतदार वाटत होता आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा होता. चटई पत्र्यातून येणारी उष्णता कमी करते, पण भोकातून येणारी गरम हवा ती अडवत नाही. फक्त भोक कुठे आहे ते दिसेनासे करते. शिवाय गळके पाणी तिच्याखाली साचून राहिले तर दोन पावसाळ्यांत तळाचा पत्रा गंजतो. चटई लावायची की नाही हा मुद्दा नव्हता. ती आधी लावायची की शेवटी, हा होता. आप्पांनी आगाऊ रक्कम आठवडाभर थांबवली. माझ्या मते या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय हाच.

एसी निर्दोष असल्याची खूण

बॉनेट उघडून एसी सुरू केल्यावर नानांनी काहीही न मोजता कूलिंग कॉइलकडून परत येणारा जाड पाइप हाताने धरला. पाइप गार होता आणि त्यावर पाणी सुटले होते. म्हणजे जास्तीच्या गॅसने क्षमता थोडी घटली असली, तरी एसी आपले काम करत होता. आत जाळीशी मात्र तापमापकाने २४ अंश दाखवले. हवा कॉइलपाशी थंड होत होती आणि तोंडापाशी पोहोचेपर्यंत पुन्हा तापत होती.

बहुतेक गाड्यांमध्ये हवा आधी एसीच्या कॉइलमधून आणि नंतर हीटरच्या छोट्या रेडिएटरवरून किंवा त्याच्या बाजूने जाते. त्या रेडिएटरमधून इंजिनचे सुमारे नव्वद अंशांचे पाणी वाहत असेल आणि त्यावरची झडप नीट मिटत नसेल, तर एकाच डब्यात एसी आणि हीटर एकमेकांविरुद्ध चालतात. छोट्या गाडीचा हीटरही काही किलोवॉट उष्णता देऊ शकतो, म्हणजे काचेतून येणाऱ्या उन्हापेक्षा जास्त. मी आप्पांना विचारले की हीटर कधी वापरला होता का. जळगावात हा प्रश्न कोणी गाडीवाल्याला विचारत नाही आणि आम्हीही तोवर विचारला नव्हता.

उत्तर होकारार्थी होते. डिसेंबरमध्ये ते कुटुंबासह तोरणमाळला गेले होते. पहाटे सातपुड्यातल्या थंडीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा या गाडीचा हीटर लावला आणि परत आल्यावर दांडी निळ्या बाजूला सरकवली. ती सरकवताना हलकी लागली, एवढेच त्यांना आठवत होते. त्यानंतर महिनाभर गाडीत पाय उबदार राहत असत, आणि त्याबद्दल घरात सगळे खूश होते. दोष सुरू झाला तेव्हा तो सोय म्हणून वापरला गेला होता.

रात्रीची चाचणी

हीटरवर संशय आला तरी तो एकटाच दोषी आहे असे म्हणता येत नव्हते, कारण गिअरचा दांडा तापण्याचा हीटरशी संबंध नसतो. दिवसा मोजून उपयोग नव्हता. ऊन, तापलेला रस्ता, समोरच्या ट्रकची गरम हवा हे सगळे आकड्यांत मिसळत होते. वाट नानांनी काढली. ते म्हणाले, “आप्पा, रात्री ऊन राहत नाही ना भो? मग रात्रीच पाहू.” एका वाक्यात त्यांनी समीकरणातली सर्वांत मोठी राशी शून्य केली.

पहाटे तीनला आम्ही भुसावळ रस्त्याने नशिराबादपर्यंत आणि परत अशा फेऱ्या केल्या. बाहेर २८ अंश होते. एसी आणि पंखा बंद, खिडक्या बंद, वेग ताशी ६० किलोमीटर आणि तापमापकाची तार चालकाच्या पायाशी गालिच्यावर चिकटवलेली, एवढ्या गोष्टी प्रत्येक फेरीत सारख्या ठेवल्या आणि आकडा स्थिर झाल्यावरच टिपला. प्रत्येक फेरीत एकच बदल करायचा, हा नियम मी धरून ठेवला. नानांना तो वेळकाढूपणा वाटत होता.

काहीही न बदलता पायाशी ४९ अंश आले. दुसऱ्या फेरीपूर्वी हीटरकडे जाणारे दोन्ही होज पाइप गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने दाबून बंद केले. आकडा ४१ वर आला. तिसऱ्या फेरीपूर्वी गिअरच्या दांड्याभोवतीचे चामडी आवरण वर केले, तेव्हा खालचा रबरी बूट अर्ध्याहून जास्त फाटलेला दिसला आणि त्या भगदाडातून बॅटरीच्या उजेडात खाली थेट रस्ता दिसत होता. ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने ते तात्पुरते बंद केले आणि आकडा ३४ झाला. बाहेरच्या हवेपेक्षा एकवीस अंशांचा फरक आता सहावर आला होता, आणि गॅसला किंवा कॉम्प्रेसरला हातही लागला नव्हता.

चौथी फेरी केवळ कुतूहलापोटी केली. पट्टी काढून, भगदाड उघडे ठेवून, दोन्ही खिडक्या खाली केल्या. गार वाऱ्याने पाय थंड होतील असे आप्पांना वाटले होते, पण पायाशी आकडा वाढला. गाडी धावताना उघड्या खिडकीवरून हवा वेगाने जाते, केबिनमधला दाब किंचित घटतो आणि ती तूट भरायला बोगद्यातली गरम हवा भोकातून वर ओढली जाते. बूटाजवळ धरलेल्या उदबत्तीचा धूर कोणी फुंकल्यासारखा वर उडाला. गाडी उभी असताना तोच धूर सरळ होता. म्हणूनच गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हा दोष कोणाला सापडला नव्हता.

तापमापक बंदुकीने दिलेला चकवा

एक चूक येथे नोंदवतो. दुसऱ्या दिवशी रॅम्पवर गाडी घेऊन मी बंदुकीसारख्या इन्फ्रारेड तापमापकाने कन्व्हर्टरवरचे संरक्षक पत्रे तपासले. पत्रा ४८ अंश दिसला आणि मी पत्रा उत्तम काम करत असल्याचे लिहून टाकले. नानांनी त्यावर पाण्याचे बोट फिरवले आणि पाणी चुरचुरले. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी प्रमाणात किरणांच्या रूपाने सोडते आणि आरशासारखे आजूबाजूचे तापमान परत दाखवते. साधी बंदूक मात्र समोरचा पृष्ठभाग काळा आणि खरखरीत आहे असे धरून हिशोब करते. उष्णतारोधक काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका देऊन पुन्हा मोजले तेव्हा आकडा १३० च्या पुढे गेला. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो, हे नानांना सांगितले नाही.

प्राधान्य बदलणारा शोध

रॅम्पवरच मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा ओतीव भाग) आणि खालचा पाइप यांच्या जोडावर काळी काजळी दिसली. जोडाचे पॅकिंग फुटले होते. इंजिन थंड असताना आप्पांच्या घरचा व्हॅक्यूम क्लीनर उलटा जोडून सायलेन्सरच्या तोंडातून हवा आत सोडली आणि जोडावर साबणाचे पाणी टाकले; बुडबुडे आले. गळती लहान होती, पण ती बोगद्याच्या तोंडाशी होती आणि बोगद्याला वर भगदाड होते.

येथे प्रश्नाचे स्वरूप बदलले. जी फट गरम हवा आत घेते ती कार्बन मोनॉक्साइडही आत घेते. या वायूला वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. लांबच्या प्रवासात डोके जड होते, ही आप्पांची जुनी कुरकुर आम्ही सगळ्यांनी उन्हाच्या खात्यावर टाकली होती. तिचे कारण हा वायूच होता असे सिद्ध करता येणार नाही, पण त्या दिवसापासून ते कारण नाही असे गृहीत धरणेही शक्य नव्हते. मी पॅकिंग बदलेपर्यंत गाडी चालवू नये असे सांगितले. आखाजीला चार दिवस उरले होते आणि आप्पा नाराज झाले. “नाना, तुम्ही तरी सांगा यांना,” असे ते म्हणाले. नानांनी गाडीची किल्ली खिशात टाकली.

केलेले काम

पॅकिंग स्थानिक दुकानातल्या शीटमधून मापाने कापून बसवले. मॅनिफोल्डला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळावी, असे नानांनी जुन्या सवयीने सुचवले. शेडमध्ये वाफेच्या पाइपांना ती असे. तंतू फुप्फुसात जाण्याचा धोका माहीत असल्याने ते सोडले. काचतंतूची पट्टी गुंडाळण्याचाही विचार झाला, पण अशी पट्टी धातूची उष्णता आतच कोंडते आणि ओल धरते, त्यामुळे जुन्या मॅनिफोल्डला तडे जाण्याची भीती असते. त्याऐवजी मोडकळीस आलेला संरक्षक पत्रा नव्याने घडवून पाइपपासून साधारण बोटभर अंतर सोडून बसवला. मधली हवा आणि चकचकीत पृष्ठभाग मिळून उष्णता परतवतात. पत्रा पाइपला टेकला तर त्याचा उपयोग संपतो.

हीटरच्या झडपेची केबल क्लिपमधून निसटलेली सापडली. दांडी निळ्यावर होती आणि झडप अर्धी उघडी. क्लिप जागेवर बसवूनही झडप पुरती मिटेना, कारण वर्षानुवर्षे न हललेल्या झडपेत क्षार साठले होते. नवी झडप बाहेरून मागवावी लागणार होती. तोपर्यंत हीटरचे दोन्ही पाइप बंद करण्याऐवजी एका वळणदार धातूच्या नळीने एकमेकांना जोडले. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडण्यापूर्वी पाणी याच मार्गाने फिरते; ते सरळ बंद केले तर इंजिनचा एखादा भाग नकळत तापतो. गिअरचा बूट दुसऱ्या गाडीचा मिळाला, तो थोडा कापून बसवला. फायरवॉलमधील (इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातील) वायरींच्या दोन मोकळ्या छिद्रांत ग्रोमेट म्हणजे रबरी कडी घातल्या. इग्निशनचे टायमिंग तपासले, ते ठीक होते. जास्तीचा गॅस काढून वजनाने मोजून पुन्हा भरला. चटई सगळ्यात शेवटी लावली, आणि तीही पूर्ण तळाला नव्हे, फक्त फायरवॉलच्या खालच्या भागाला व बोगद्याला. खर्च तीन हजारांच्या आत राहिला.

परिणाम

आखाजीच्या आदल्या पहाटे त्याच रस्त्यावर, २९ अंशांत, पायाशी ३२ आले. एसीच्या जाळीशी दुपारी १३ अंश मिळाले. लेकीला घेऊन आप्पा संध्याकाळी फिरून आले. डॅशबोर्डवर बॅटरीचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवला होता आणि तो वाजला नाही.

मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता ही गाडी आजही गरमच होते, आणि होणारच. टप काळे आहे आणि ऊन खरे आहे. फरक इतकाच की आता एसी दहा-बारा मिनिटांत त्यावर मात करतो. सगळे काम टिकलेही नाही. बोगद्यावरच्या चटईची एक कड पुढच्या उन्हाळ्यात सुटली, कारण चिकटवण्यापूर्वी पत्र्यावरचा तेलकटपणा आम्ही घाईत नीट पुसला नव्हता. चालकाच्या बाजूला अजूनही प्रवाशाच्या बाजूपेक्षा दोन अंश जास्त येतात.

काय वेगळे करता आले असते

तक्रार घेताना ‘काय बिघडले’ याऐवजी ‘गाडी शेवटची बरी कधी होती आणि त्यानंतर कशाला हात लागला’ असे विचारले असते तर तोरणमाळची सहल मार्चमध्येच समोर आली असती आणि तीनदा गॅस भरला गेला नसता. हीटरचे होज पाइप दाबून पाहण्याला पाच मिनिटे लागतात व पैसे लागत नाहीत. ही चाचणी एसीच्या प्रत्येक तक्रारीत आधी व्हायला हवी होती.

दुसरी चूक माझी आणि अधिक गंभीर आहे. केबिनमध्ये इंजिनकडून हवा येत असल्याचा संशय असताना मी रात्री तीन माणसांची अदलाबदल करत, खिडक्या बंद ठेवून, त्या गाडीत सुमारे दोन तास फेऱ्या करवल्या. आकडे सारख्या परिस्थितीत घ्यायचे म्हणून काचा वर ठेवल्या आणि अलार्म मात्र चार दिवसांनी आला. जोडाची साबणाच्या पाण्याची चाचणी फेऱ्यांच्या आधी करायला हवी होती, किंवा निदान अलार्म मांडीवर ठेवून निघायला हवे होते. गळती मोठी असती तर ही टिपणे कोणी लिहिली असती, हे मला ठाऊक नाही.

तिसरी त्रुटी अशी की गाडी निरोगी असतानाचा एकही आकडा आमच्याकडे नव्हता, त्यामुळे ३२ अंश या गाडीसाठी चांगले की फक्त बरे, हे ठरवता आले नाही. नवी झडप ऑगस्टमध्ये बसली. डिसेंबरच्या एका पहाटे, बाहेर १२ अंश असताना, हीटर पूर्ण बंद ठेवून पायाशी १७ अंश मोजले. तो आकडा, तारीख आणि वेग आप्पांनी पेनाने लिहून ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. पाय गार पडतात अशी घरच्यांची तक्रार त्याच आठवड्यात आली.